पहिल्या बुधवारचा भोंगा

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला सांगायला येऊ नये. बावीस वर्षं अंगणवाडीत पोरांवर ओरडून तो असा झाला, की आधीपासूनच असा होता म्हणून मला अंगणवाडीत घेतलं, हे आमच्या यांनाही सांगता येत नाही. हे म्हणजे कृष्णकांत, माझे यजमान. बोईसरला एमआयडीसीत बॉयलरवर असतात. घरी आलो की बॉयलरची आठवण येते, असं चारचौघांत म्हणतात आणि वर हसतात.

आमच्या गावापासून तारापूरचा अणुप्रकल्प हाकेच्या अंतरावर. माझ्या हाकेच्या, असंही हेच म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे अधूनमधून सराव होतो. भोंगा वाजला की काय करायचं हे गावातल्या पोरांना बाराखडीच्या आधी येतं, कारण मीच शिकवते. घरात पळायचं. दारं-खिडक्या लावायच्या. पंखा बंद. जेवण-पाणी झाकायचं. नाकाला ओला पंचा धरायचा. आणि गाडीवरून 'सगळं ठीक आहे' अशी घोषणा होईपर्यंत कडी काढायची नाही.

मेघाली, माझी एकुलती एक लेक, नववीत होती तेव्हाची गोष्ट. सराव होता. भोंगा वाजला. मी पोरं आत घेतली, तर रस्त्यावर एक साहेब पाठीमागे हात बांधून निवांत उभे. "बाई, मी ड्यूटीवर आहे," म्हणे. म्हटलं, किरणं काय ओळखपत्र बघतात? दंडाला धरून आत ओढलं, कडी लावली, तोंडाला पंचा बांधला आणि बसलो घोषणेची वाट बघत. अर्धा तास झाला, तास झाला. अख्खं गाव कोंडलेलं आणि घोषणा काही होईना. साहेब मध्येमध्ये हात वर करायचे, पण सरावात कुणी बोलायचं नाही हा माझा नियम, मी डोळे वटारून त्यांना खाली बसवायची. शेवटी कुणीतरी मागचं दार ठोठावलं तेव्हा कळलं, की घोषणा करायची ती त्याच साहेबांनी.

तेव्हापासून गावात माझं नाव भोंगाबाई. मला त्याचं काही नाही. म्हणा बापडे. पण शाळेत मेघालीला 'भोंग्याची पोर' म्हणायला लागले आणि पोरगी बोलायचीच कमी झाली. कुणी काही विचारलं की मान हलवायची. दुकानात गेली तर दुकानदार तिला दोनदोनदा विचारायचा, काय पाहिजे ते. ही माझीच मुलगी, हे लोकांना शपथेवर सांगावं लागायचं.

पण अभ्यासात हुशार हो! पालघरला बीएस्सी केलं, फ्रेंचचा क्लास लावला, दाखल्यांसाठी कोळगावच्या जिल्हा कार्यालयात खेपा घालून यांच्या चपला झिजल्या, आणि सांडपाणी शुद्ध करायचं शिकायला पोरगी निघाली फ्रान्सला. बोईसरच्या नाल्याचा रंग ज्यानं बघितलाय त्याला हे शिक्षण कशाला असं विचारावं लागत नाही. बॅग भरताना मी तिच्या कपड्यांखाली सहा पंचे घातले.

"आई, तिथे कोण पंचा वापरतं?"

"नाक तर वापरतात ना?" म्हटलं. "आपल्यापेक्षा जास्त अणुभट्ट्या आहेत त्यांच्याकडे. मी वाचलंय."

तिनं कपाळाला हात लावला, पण पंचे काढले नाहीत.

लिमोज नावाच्या गावात एका घरी तिची राहायची सोय झाली होती. ओडीलबाई, वय साठीच्या पुढं, शाळेतून निवृत्त. त्यांची सासू जर्मेन, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आणि फिलू नावाचा लठ्ठ कुत्रा. ओडीलबाईंचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली तरी सासू-सून एका घरात नांदतायत, हे ऐकून मला त्या देशाबद्दल जरा बरं वाटलं. स्टेशनवर घ्यायला ओडीलबाई स्वतः आल्या. एका गालाला गाल लावला, दुसऱ्या गालाला गाल लावला. मेघाली आणखी एकदा गाल पुढं करून उभी राहिली, तोवर बाई बॅग उचलून निघाल्या होत्या. इथूनच पोरीनं धसका घेतला.

घरात नियम पुष्कळ. रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर कितीही गारठा असो. रात्री आठला जेवण, आणि जेवण म्हणजे दीड तास गप्पा. "ते बोलतात आणि मी ताटाकडे बघते," मेघाली फोनवर सांगायची. चुकेल म्हणून बोलायची नाही, आणि बोलायची नाही म्हणून आणखी चुकायचं. जेवण झालं की वर आपल्या खोलीत, दार बंद. महिनाभर बघायचं आणि जमलं तर वर्षभर राहायचं, असं कॉलेजनं ठरवून दिलेलं.

फोन रोज करायची, पण वरच्या खोलीतून. मी "काय गं" म्हटलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "हळू बोल, आई. खाली ऐकू जातं."

मी म्हणायची, "जाऊ दे की ऐकू. मला त्या बायांशी दोन शब्द बोलू तर दे. निदान नमस्कार घालते."

"नंतर, आई."

ते नंतर काही यायचं नाही. मी काही दुधखुळी नाही. मुलीला माझी लाज वाटत होती. इथं गावात लाजायची ते समजू शकते, पण तिथं पार सातासमुद्रापलीकडे कुणाला ठाऊक होतं भोंगाबाई कोण ती? मला लागलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "मंदे, तू खरंच हळू बोलून बघ ना एकदा." मग यांच्याशी मी दोन दिवस अजिबातच बोलले नाही. घ्या हळू!

ऑक्टोबरचा पहिला बुधवार उजाडला. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. समोरच्या घरी रखमाबाई ओट्यावरच लवंडल्या होत्या. बोईसरचा पाववाला सायकल लावून त्यांच्या माडाखाली पाणी पीत होता. मोबाईल वाजला, बघते तर मेघाली. व्हिडिओ कॉल, आणि डोळे सुजलेले.

"आई, मी परत येते."

माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं.

"कॉलेजच्या क्लेर मॅडम आल्यात," ती कुजबुजत होती. "आज महिना होतोय ना. खाली जेवायला बसतील. ओडीलनी त्यांना कळवलंय, मुलगी खोलीतून बाहेर येत नाही, तिला आमचं घर आवडत नसावं. मला विचारतील. मी सांगणार, मला नाही जमत. मला घरी यायचंय."

खरं सांगू? आधी मला आनंद झाला. महिनाभर घर खायला उठलं होतं, पोरगी परत येणार म्हणताना जीव सुपाएवढा झाला. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हिला दहा शहाण्यांपेक्षा जास्त कळतं, आणि ती कुणाशी बोलता येत नाही म्हणून परत येणार? म्हणजे हिला गावानं आणि मी मिळून मुकी केली म्हणायची. हे काही मला सहन होईना. आणि मला काही सहन झालं नाही की मी रागावते.

"खुशाल ये!" मी म्हटलं. "ये आणि बस माझ्या शेजारी तांदूळ निवडत!"

"हळू बोल ना, आई..."

आणि तेवढ्यात तिकडून भोंगा वाजला.

तसाच! आपला असतो तसाच, खालून वर चढत जाणारा. फोनमधून असा स्पष्ट येत होता की रखमाबाई उठून बसल्या. मी तोंड उघडायच्या आत मेघाली पलंगावरून उडाली होती आणि खोलीची खिडकी लावून कडी घालत होती. कुणी सांगावं लागलं नाही. लहानपणी शिकवलेलं हात विसरत नाहीत.

"खाली कोण कोण हाय?" मी ओरडले. घाबरले की माझ्या तोंडून असंच येतं.

"ओडील, क्लेर मॅडम. आजी बागेत हाय!" तीही तशीच बोलायला लागली.

"मग बघत काय ऱ्हायलीस? पंचे घे! पळ!"

पुढचं सगळं मी फोनमधून बघितलं, कधी छत, कधी जिना, कधी मेघालीचं कोपर. पोरगी जिना उतरली ती ओरडतच. फ्रेंचमध्ये ओरडत होती, मला शब्द कळत नव्हता, पण आवाज माझा होता, अगदी माझा! बागेत आजी हातात कात्री घेऊन फुलझाडं छाटत होत्या. मेघालीनं त्यांना कमरेला धरून उचललं आणि आत आणलं, कात्रीसकट. फिलूला पट्ट्याला धरून ओढलं. तो लठ्ठ्या दारात बसूनच राहिला, तर मागून ढकलला.

"दारं-खिडक्या लावा!" मी इकडून. "पंखा बंद! जेवण झाका!"

ओडीलबाई काहीतरी सारखं म्हणत होत्या.

"आई, त्या म्हणतात आज बुधवार आहे!"

"किरणांना काय वार कळतो? खिडकी लाव आधी!"

टेबलावर चीज, पाव, मासा, काय काय मांडलेलं. मेघालीनं खुर्चीवरची चादर घेतली आणि सगळ्यावर टाकली. गॅसवरची चिमणी बंद केली. पंचे नळाखाली धरले, पिळले, आणि एकेकीच्या नाकाला लावले. क्लेर मॅडमनी लिपस्टिक लावली होती, ती सगळी पंच्याला गेली. त्या हातात फॉर्म धरून तशाच बसल्या. आजींनी मात्र पंचा आपणहून बांधून घेतला आणि मोबाईलकडे बघून, म्हणजे माझ्याकडे बघून, पुढचा हुकूम काय अशी मान उडवली. हुशार बाई.

भोंगा दीड-दोन मिनिटांत थांबला. मग ओडीलबाईंनी पंचा जरा खाली केला आणि सावकाश, शाळेत शिकवतात तसं, काहीतरी सांगितलं. मेघालीचा चेहरा बघताबघता उतरला. ती मटकन खाली फरशीवर बसली.

"काय म्हणतायत?"

"आई, इथं दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंगा वाजवतात. नीट चालतो की नाही बघायला. अख्ख्या देशात. खरं काही नसतं."

"मग लोक काय करतात?"

"काही नाही. जेवतात."

"काही नाही?" माझं डोकंच फिरलं. "मग वाजवता कशाला? विचार त्यांना! दर महिन्याला फुकट वाजवायचा आणि म्हातारी बाई बाहेर फुलं छाटत बसते? उद्या खरा वाजला तर हिला आत कोण आणणार, तो कुत्रा?"

"आई, हळू..." ती म्हणायला गेली, आणि थांबली. आता हळू बोलून लपवायला उरलंच काय होतं?

पंच्याच्या आतून आजींनी विचारलं, ती काय म्हणते. मेघाली पंच्याचं टोक चाळवत बसली. आजींनी कात्रीनं टेबलावर टकटक केलं. मग माझ्या पोरीनं, मान खाली घालून, शब्दन्‌शब्द सांगितलं. कुत्र्यासकट.

मला वाटलं, झालं. आता बॅग भरा.

आजी काहीतरी बोलल्या. सुनेकडे बघून, अगदी सावकाश, एकेक शब्द चघळत. ओडीलबाई कानापर्यंत लाल झाल्या.

"आई," मेघालीनं सांगितलं, "आजी म्हणतात, या घरात साठ वर्षं मी हा भोंगा ऐकतेय. मला आत न्यायला आज पहिल्यांदा कुणीतरी आलं."

सासूच ती! संधी सोडेल? पण मग ओडीलबाईच आधी फिसकन हसल्या, पंच्यात तोंड घालून, आणि क्लेर मॅडमही, आणि हसता हसता त्यांनी मेघालीला काहीतरी विचारलं. मेघालीनं माझ्याकडे बघितलं.

"विचारतायत, मला काही सांगायचं होतं का."

ते तिचं तिनं ठरवायचं. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तोंड हाय ना तुला? आत्ता अख्खं घर हलवलंस त्यानं."

ती उठली. बोलली. बराच वेळ बोलली, अडखळत, हात हलवत. मध्येच मोबाईलकडे बोट दाखवलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर सारखा केला.

"काय सांगितलंस गं?"

"सांगितलं, ही माझी आई. आमच्या गावात हिला भोंगाबाई म्हणतात." ती हसत होती आणि रडतही होती. "आणि त्यांना आवडत असेल तर मी राहते म्हटलं."

"मग? त्या काय म्हणाल्या?"

"ओडील विचारतायत, आता खिडक्या उघडल्या तर चालतील का?"

बावीस वर्षांत कितीतरी सराव केले, पण घोषणा कधी माझ्या वाट्याला आली नव्हती. ती साहेबांची. मी उभी राहिले, घसा खाकरला, आणि होता नव्हता तेवढा दम लावून म्हटलं, "सगळं ठीक आहे! दारं-खिडक्या उघडा!"

आणि कड्या निघाल्याचा आवाज आला. फोनमधून नव्हे. आमच्या आळीतून! मान वर करून बघते, तर दोन्ही बाजूंची घरं बंद, आणि आता एकेक खिडकी किलकिली होतेय. रखमाबाई नाकाला ओलं लुगडं धरून दारात आल्या, मागून त्यांचा ओला टॉवेल बांधलेला पाववाला. "भाभी, सच में सब ठीक है ना?" म्हणाला.

त्यांचं काय चुकलं? भोंगा ऐकला, माझा आवाज ऐकला. त्याच वेळी आमचे हे पहिली पाळी संपवून आळीत शिरत होते. रस्त्यात माणूस नाही, पाववाल्याची सायकल आडवी पडलेली, आणि ओट्यावर मी मोबाईल कवटाळून डोळे पुसतेय.

"काय झालं? कुठं वाजला?" ते धावतच आले.

"फ्रान्सला," मी म्हटलं.

पुढे महिनाभर गावानं मला छळलं. "मंदाबाई, अमेरिकेचं काय, उघडू का खिडकी?" म्हणून पोरंटोरं विचारायची. रखमाबाईंनी तर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, तासभर ओल्या लुगड्यानं सर्दी झाली म्हणून. तासभर कुठलं, दहा मिनिटं! पण मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मेघाली आता फोन स्वयंपाकघरातूनच करायची, मागं भांड्यांचा आवाज, सासू-सुनेची खडाजंगी, आणि ही मध्ये पडून बोलतेय.

मग नोव्हेंबरचा पहिला बुधवार आला. मी सकाळीच साडी बदलली, यांना काही बोलले नाही. सव्वातीनला ओट्यावर बसले. साडेतीन झाले. पावणेचार झाले. मोबाईल गप्प. रेंज बघितली, होती. चार वाजून गेले. म्हटलं, मंदे, वेडी की काय तू? एकदा गंमत झाली, ती झाली. त्यांची त्यांची कामं असतात. बारा वाजून गेले असतील तिकडे, जेवत असतील. मी सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले, पण खडे काही दिसेनात.

साडेचार वाजत आले तेव्हा मोबाईल वाजला.

"आई, तयार हायस ना? दोन मिनिटं हायत बाराला!"

"आत्ता बारा? साडेतीनला वाजतात ना तुमचे?"

"अगं, इथली घड्याळं एक तास मागं केली ना थंडीची! सांगितलं होतं तुला!"

सांगितलं असेल. कुणाच्या लक्षात राहतंय? मी बघितलं तर मोबाईल टेबलावर मधोमध उभा केलेला. खिडक्या बंद. जेवणावर चादर. पलीकडे ओडीलबाई, आजी आणि मेघाली अशा तिघी ओळीनं बसलेल्या, तिघींच्या नाकाला माझे पंचे, आणि चौथा फिलूच्या गळ्यात. आजींनी मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि बोट वर केलं. भोंगा सुरू झाला.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी, जिच्या आवाजानं गाव घाबरतं ती मी, माझा घसाच दाटून आला. "दारं..." एवढंच निघालं, तेही कसंबसं.

मेघालीनं पंचा खाली केला.

"आई," ती म्हणाली, "मोठ्यानं बोल. ऐकू येत नाय."

मग मी असा आवाज काढला की समोर रखमाबाईंनी खिडकी लावून घेतली.